ऐकणाऱ्यांचा कॉयर

लुम्बान हारियारा,
ता. ६ मार्च १९९४

ती. बोनारमामांस,
तिओमिनारचा सा. न. वि. वि. आणि सरोवराच्या या काठावरून आपल्या रीतीच्या नमस्काराचं एक मोठ्ठं होरास.

पोचल्याचं पत्र उशिरा लिहिते आहे, रागावू नका. बोट फक्त बाजाराच्या दिवशी सुटते आणि बोटवाला आधी डुकरं चढवतो. मग माणसं. मग जागा उरलीच तर टपाल.

गाव सुंदर आहे आणि लोक प्रेमळ. आल्या दिवसापासून घरोघरी तिरफळ घालून केलेला कार्प मासा खाते आहे. पाळकाचा झगा आईने सैल शिवला होता, तो आता अंगाला बसतो. नवी पाळकबाई बारीक आहे, हे गावाने मनावर घेतलंय.

आता रडगाणं. तुम्ही जन्मभर चर्चचा गाणाऱ्यांचा कॉयर चालवलात, म्हणून तुम्हालाच सांगते. या गावात गाता न येणारा माणूस नाही, तुमची भाची सोडून. चर्चमध्ये सात कॉयर आहेत. बायकांचा आहे, पुरुषांचा आहे, तरुणांचा आणि विधवांचा आहे. शिवाय पुरुषांच्या कॉयरमधून भांडून बाहेर पडलेल्यांचा एक, आणि त्या भांडलेल्यांतूनही भांडून निघालेल्या दोन भावांचा एक. ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, पण गातात. सातवा कोणाचा ते मला अजून कळलेलं नाही. त्यांचे जांभळे झगे मात्र सर्वांत भारी आहेत.

कॉयरची जागा वेदीच्या दोन्ही बाजूंना. गावातला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या कॉयरमध्ये, म्हणजे समोरचे मंडळीचे बाक पार मोकळे. पुढून तिसऱ्या बाकाखाली एक कोंबडी अंड्यांवर बसलेली असते. माझं प्रवचन नियमाने ऐकणारी तेवढी एकच. एक कॉयर गात असताना बाकीचे सहा आपले कागद चाळतात, घसा साफ करतात, आलं चघळतात. म्हणजे गाणंही कोणी ऐकत नाही.

पहिल्या रविवारी मी कॉयरकडे वळून बोलायला लागले, तर सगळीकडे कुजबुज. उपासनेनंतर मांगिहुतकाकांनी मला बाजूला घेतलं. हे पूर्वी पोलिसांच्या बँडात होते, आता मंडळीतले मुख्य वडीलधारे कारभारी आहेत आणि छडी हातातून सोडत नाहीत. ते म्हणाले की पाळकबाई, तुम्ही मंडळीकडे पाठ केलीत, मंडळीला वाईट वाटलं. कोणती मंडळी, म्हणून मी विचारलं, तर त्यांनी रिकाम्या बाकांकडे छडी दाखवली.

त्यात परवा प्रांताचे प्रमुख पारदामेआनसाहेब अचानक पाहणीला आले. त्यांनी बाकांकडे पाहिलं, कोंबडीकडे पाहिलं आणि मला सांगून गेले की कॉयर म्हणजे मंडळी नव्हे, कॉयर मंडळीसाठी असतो. सुगीच्या सणापर्यंत बाक भरले नाहीत तर हे चर्च पलीकडच्या गावाच्या चर्चला जोडणार. मी अजून उमेदवारीतच, मग मला पाळकपदाची दीक्षा नाही, कचेरीत पाकिटं चिकटवायला जायचं. मामा, इतकी वर्षं शिकले ती काय पाकिटं चिकटवायला? काहीतरी सुचवा.

मामीच्या वर्षदिनाला येता आलं नाही, मनाला लागून राहिलंय. प्रकृतीला जपा. लोभ आहेच, तो वाढला नाही तरी चालेल, आटू मात्र देऊ नका.

तुमची भाची,
तिओमिनार


सियांतार,
ता. २४ मार्च १९९४

चि. तिओमिनारला बोनारमामाचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पाकिटाला डुकराचा वास होता, त्यावरून तुझा बोटवाला प्रामाणिक आहे हे कळलं. पत्र वाचून इतका हसलो की शेजारीण कुंपणावरून डोकावली आणि पाहुणे आलेत का म्हणून विचारू लागली. नाहीत म्हटलं, एकटाच आहे. तिचं तोंड बघण्यासारखं झालं.

तुला गाता येत नाही हा गौप्यस्फोट नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी तू भोकाड पसरलंस तेव्हाच मी तुझ्या आईला म्हणालो होतो की ताई, ही पोरगी रडते तेसुद्धा सुरात नाही. पण गायकांना बाकावर बसवायचं, हे तुझ्याच्याने काय, कोणाच्याच बापाच्याने व्हायचं नाही. मी तीस वर्षं कॉयर हाकला आहे. गायकाला ऐकायला बसवणं म्हणजे बोक्याला मासा राखायला बसवणं. त्यांना कॉयरशिवाय दुसरं काही कळत नाही. उद्या त्यांना बाकावर बसवायचंच असेल तर बसण्याचाही एक कॉयर काढ, पोशाख दे, सराव घे. बघ जमतं का!

थट्टा पुरे. इथल्या मुलींच्या शाळेत धर्मशिक्षणाची जागा रिकामी आहे. मी मुख्याध्यापिकेला शब्द टाकला आहे. मागची खोली तुझ्यासाठी रंगवून घेतली, निळी. तुझी मामी गेल्यापासून स्वयंपाक मीच करतो, पण हात दोघांच्याच मापाचा आहे, त्यामुळे शेजारचा कुत्रा फार लठ्ठ झालाय. त्याच्यावर अन्याय होईल खरा, पण तू आलीस तर बरं होईल.

रेडिओवर रोज संध्याकाळी एक मनुष्य बातम्या देतो. त्याला माहिती काहीच नाही. मी त्याची चूक दाखवून देतो, तो पुढे जातो. असो. चार पानं भरली, पाचव्याला टपालखर्च वाढतो. पत्र पाठव, मोठं पाठव, अक्षर जरा नीट काढ.

तुझाच,
बोनारमामा


लुम्बान हारियारा,
ता. २९ मे १९९४

ती. मामांस सा. न. वि. वि.

तुमची थट्टा मी अमलात आणली आहे. आता हसा.

तुमचं पत्र वाचून आधी राग आला, मग भूक लागली, आणि जेवता जेवता पटलं की तुम्ही बरोबर आहात. पुढच्याच रविवारी मी जाहीर केलं की आपल्या चर्चचा आठवा कॉयर निघतो आहे, ऐकणाऱ्यांचा. जागा बाकांवर, सराव बुधवारी, पोशाख नवा. वाटलं होतं चार म्हाताऱ्या येतील. पण पोशाख हा शब्द तोंडातून निघाला मात्र, जांभळे झगेवाले सर्वांत आधी उठले! बोटवाल्याच्या लेकीच्या लग्नमंडपाचं पिवळं कापड पडून होतं, ते बायकांनी फाडून शिवून टाकलं. सगळं गाव आता झेंडूसारखं दिसतं.

मांगिहुतकाकांनी हे काम फारच मनावर घेतलं. ते छडी उचलतात, की सगळ्यांनी एकदम ऐकायला लागायचं, आणि छडी खाली, की एकदम थांबायचं. बायका वेळेवर ऐकतात, पुरुष मागून फरफटत येतात, अशी त्यांची तक्रार आहे. जाड आवाजवाल्यांना ते म्हणाले की तुमचं ऐकणं पोटातून येत नाही. एका गृहस्थाला त्यांनी चक्क काढून टाकलं, कारण तो वाक्य संपायच्या आधीच मान डोलावतो. काका म्हणाले की हा ऐकत नाही, हा ओळखतो, असली माणसं आम्हाला नकोत. तो बिचारा आता घरी बायकोसमोर सराव करतोय. बायको खूश आहे.

सरावाला ऐकायला काहीतरी हवं, म्हणून मी खताच्या पोत्यावरची माहिती वाचून दाखवली. काकांनी ती पुन्हा घ्यायला लावली. दुसऱ्या वेळी विधवांपैकी दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं.

सोर्ताआजी ठार बहिऱ्या आहेत. त्यांना एकल ऐकण्याचा मान मिळाला. कोणीही कुरकुर केली नाही, कारण त्या बोलणाऱ्याच्या तोंडाकडे अशा टक लावून बघतात की माणूस थापा मारायचं विसरतो. त्यांच्यासमोर प्रवचन करताना मी दोनदा अडखळले आणि एक मुद्दा गाळलाच. तो मला स्वतःलाच कधी पटलेला नव्हता.

पण मग घोटाळा झाला. सगळेच ऐकणाऱ्यांत आले! एका रविवारी बाक खचाखच भरले आणि वेदीपाशी चिटपाखरू नाही. मी गीताचा क्रमांक सांगितला. काकांनी छडी उचलली. सगळे ऐकायला तयार आणि गायला कोणीच नाही. शेवटी मी गायले. मामा, मी कशी गाते ते तुम्ही जाणता. त्यांनी पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत ऐकलं, ताठ बसून, एकाही चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता. कोंबडी अंडी सोडून निघून गेली.

तेव्हा मी एकच नियम केला. गाण्यासाठी उठा, गाऊन झालं की परत येऊन बाकावर बसा. इतकं सोपं होतं. त्या रविवारी भांडलेल्या दोन भावांनी आयुष्यात पहिल्यांदा बायकांचं गाणं ऐकलं आणि मला येऊन विचारलं की पाळकबाई, या नवीन आहेत का?

आता काकांना बाहेरचे कार्यक्रम हवे झाले. पहिला कार्यक्रम अंथरुणाला खिळलेल्या लुंगगुकआजोबांकडे. सगळा पिवळा जमाव त्यांच्या ओसरीवर दाटीवाटीने बसला, काकांनी छडी उचलली. आजोबा घाबरले, त्यांना वाटलं आपलं आता आटोपलं, चर्च न्यायला आलंय. मग हळूच म्हणाले की पाठीत उसण आहे. कोणी मध्ये बोललं नाही, म्हणून विकलेल्या म्हशीचं सांगितलं. मग त्या पैशावर शिकून जकार्ताला गेलेल्या आणि पुन्हा न आलेल्या मुलाचं सांगितलं. आपल्या माणसांची खोड तुम्हाला ठाऊकच आहे. बारसं असो की मयत, प्रत्येकाला उठून चार शब्द बोलायचेच असतात, आणि एक बोलत असताना बाकीचे आपापले चार शब्द जुळवत असतात. त्या ओसरीवर कोणी काही जुळवत नव्हतं. आजोबा थांबले, म्हणाले की आता हलकं वाटतंय, कॉफी घेऊन जा. परवा ते काठी टेकत सरावाला आले होते.

मामा, मला इथे काय करायचं आहे ते कळलं आहे. गावात ऐकणारं कोणीतरी असावं, बस. यासाठी मला इथेच राहायचं आहे, आणि पाळक म्हणूनच. शाळेच्या बाईंना माझा नमस्कार सांगा आणि नाही म्हणून कळवा.

खोलीचा निळा रंग बघायला सुट्टीत नक्की येईन. तोवर माया पातळ करू नका.

तुमची,
तिओमिनार


सियांतार,
ता. २० जून १९९४

चि. तिओमिनारला आशीर्वाद, आणि एक कान पिळणं.

मी गंमत करतो आणि तू चर्च चालवतेस! सगळ्या सियांतारला तुझं पत्र वाचून दाखवलं. न्हावी, भाजीवाली, कॉफीवाला चिनी, सगळ्यांना. भाजीवालीला पूर्ण ऐकायचं नव्हतं, तिच्याकडे गिऱ्हाईक होतं. न्हावी म्हणाला की डोकं हलवू नका.

पोरी, कौतुक केलं, आता चार खऱ्या गोष्टी ऐक. हे चाळे किती दिवस टिकायचे? पिवळं कापड विटलं की उत्साहही विटेल. शाळेत पेन्शन आहे. बाईंना मी अजून नाही म्हटलेलं नाही, तुला विचार करायला वेळ मिळावा म्हणून.

गेल्या आठवड्यात पोर्सेआ गावी एका लग्नात पारदामेआन भेटला. आम्ही एका शाळेतले, तो तेव्हाही माझी उत्तरं बघून लिहायचा. तुझा विषय निघाला. त्याचं म्हणणं असं की बाकावर बसलेला कॉयर हाही शेवटी कॉयरच, मंडळी कुठे आहे? चर्च जोडण्याचा हुकूम तयार होतो आहे म्हणे. मग डुकराचं मटण आलं आणि इकडचं तिकडचं बोलणं झालं. तू मनाची तयारी ठेव, एवढंच सांगतो. खचून जाऊ नकोस. जगात चर्चशिवायही जागा असतात, आणि रिकाम्या असतात.

रेडिओ बिघडला आहे. दुरुस्तीवाला म्हणतो की आवाज येतोय की! मी म्हटलं, येतो, पण नीट नाही. कुत्र्याला शेजाऱ्यांनी बांधून ठेवायला सुरुवात केली आहे, जेवण उरतं. तुझ्या आईला सांग की मी मजेत आहे. लिहीत जा. तुझं अक्षर आता बरं येतं.

तुझ्या भल्याचीच काळजी असलेला,
बोनारमामा


लुम्बान हारियारा,
ता. १७ ऑगस्ट १९९४

मामा,

सा. न. वि. वि. लिहायचं म्हणून लिहिते आहे. आज नमस्कार मनापासून निघत नाही.

रविवारी सुगीचा सण झाला. भाताच्या पेंढ्यांनी वेदी भरली होती. पारदामेआनसाहेब हुकूम खिशात घेऊन आले आणि वाचायला उभे राहिले. सगळं गाव पिवळ्या पोशाखात बाकांवर. मांगिहुतकाकांनी छडी उचलली.

साहेबांनी पहिलं वाक्य वाचलं, की प्रांताच्या मंडळाने पूर्ण विचारांती असं ठरवलं आहे. आणि ते थांबले. त्यांनी वर पाहिलं. बायका किंचित पुढे झुकल्या होत्या, जाड आवाजवाले पोटातून ऐकत होते, सोर्ताआजी पहिल्या बाकावरून त्यांच्या ओठांकडे बघत होत्या. साहेबांनी कागद खाली घेतला आणि म्हणाले की पूर्ण विचार असा झालेला नाही, सभेच्या दिवशी माझे गुडघे दुखत होते. मग गुडघ्यांचं सांगितलं. मग सांगितलं की घरी जेवणाआधीची प्रार्थना ते म्हणतात आणि त्यावर बाईसाहेब स्वयंपाकघरातून मोलकरणीला ओरडत असतात. मग म्हणाले की मला खरं तर पाळक व्हायचं नव्हतं, ट्रंपेट वाजवायचं होतं. बायबलमधला एक आख्खा अध्याय आपल्याला कधी कळलाच नाही, असंही त्यांनी सांगून टाकलं, आणि तो कोणता तेही. काकांनी दुसऱ्या हाताने आधार दिला, पण छडी खाली घेतली नाही. बोलणारा थांबल्याशिवाय ऐकणं थांबवायचं नाही, हा आमचा नियम आहे.

आणि मग साहेब म्हणाले की या मुलीला नुसती ताकीद द्यावी असं माझ्या मनात होतं, पण पोर्सेआच्या लग्नात हिचे मामा माझा खांदा धरून म्हणाले की काहीही कर, पण पोरीला माझ्याकडे सियांतारला पाठव.

हे आख्ख्या गावाने ऐकलं, मामा. इतकी माणसं इतक्या चांगल्या तऱ्हेने ऐकत असताना ऐकलं. माझ्या कानांपर्यंत लाज चढली. मी तुम्हाला दोन चांगली मोठी पत्रं लिहिली. एकेक गोष्ट सांगितली. मला इथे राहायचं आहे हे लिहिलं होतं ना? आणि तुम्ही उत्तरात लिहिता की इकडचं तिकडचं बोलणं झालं!

साहेब शेवटी खाली बसले ते बाकावरच, पुरुषांच्या रांगेत. हुकूम त्यांच्या बुडाखाली होता. ते रुमालाने डोळे पुसत म्हणाले की हे चर्च कुठेही जोडायचं नाही, मी यापेक्षा जास्त मंडळी कुठेच पाहिलेली नाही, डिसेंबरात या मुलीला दीक्षा देऊ. मला वाटलं, सुटले.

पण तुम्ही विसरलात की आपल्यात मामा म्हणजे कोण. मांगिहुतकाकांनी छडी खाली घेतली, उठले आणि म्हणाले की साहेब, तुम्ही मोठे, पण आईच्या भावाच्या शब्दाबाहेर आम्हाला जाता येत नाही. मामाच्या मुखातून देव बोलतो, मामा पाठव म्हणाला तर मुलगी गेली पाहिजे. सगळ्यांनी माना हलवल्या. साहेबांनीही हलवली! तेही कोणाचे तरी भाचे आहेतच. दुसऱ्या दिवशी बायकांनी रडत रडत माझी ट्रंक भरली. विधवांनी वाटेसाठी भात बांधला. माझ्या खांद्यावर विणलेली उलोस शाल घालून मला निरोपसुद्धा देऊन झाला. मी जात नाही, म्हणून ओरडले, तर सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

तुमचं उत्तर येईपर्यंत थांबू म्हणतात, म्हणून मी ट्रंकेवर बसून हे पत्र लिहिते आहे. प्रमुखांचा हुकूम उरला नाही, तुमचा आहे. तुम्ही म्हणाल तर पुढच्या बोटीने येईन, निळ्या खोलीत राहीन, शाळेत शिकवीन. पण मला यायचं नाही. याचं उत्तर आता लग्नातल्या कोणाला न सांगता मलाच लिहा.

तिओमिनार


सियांतार,
ता. २ सप्टेंबर १९९४

चि. तिओमिनारला आशीर्वाद.

राहा तिथेच. गावाला हे पत्र वाचून दाखव. तिओमिनारच्या आईचा भाऊ बोनार सांगतो की तिची ट्रंक रिकामी करा, तिला दीक्षा घेऊ द्या, माझा आशीर्वाद आहे. दीक्षेला मी उलोस घेऊन येईन.

शाळेला नाही म्हणून कळवलं.

पारदामेआनला जे बोललो ते बोललो. घर फार शांत आहे, पोरी. तुझी मामी होती तेव्हा मी बोलायचो आणि ती भाजी निवडत हं म्हणायची. मला वाटायचं ती ऐकत नाही. मला एकट्याने राहवत नाही.

आज एवढंच.

बोनारमामा


लुम्बान हारियारा,
ता. ९ सप्टेंबर १९९४

ती. मामांस सा. न. वि. वि. आजचा मनापासून आहे.

तुमचं पत्र घंटा वाजवून सगळ्यांना जमवून वाचलं. पहिला भाग मोठ्याने वाचला, उरलेला माझ्याजवळ ठेवला. ट्रंक रिकामी केली. बांधलेला भात सगळ्यांनी मिळून खाल्ला.

तुमचं एकच पान आलं हे पाहून मांगिहुतकाका काळजीत पडले. तुमच्या पत्रांच्या जाडीवरून बोटवाल्यासकट सगळे तुम्हाला ओळखतात. काकांनी लगेच ठरवलं की पूर्ण कॉयर घेऊन सियांतारला जायचं, बोट भाड्याने घ्यायची, पोशाख धुवायला टाकले सुद्धा. सोर्ताआजींनी एकल ऐकण्याची तयारी दाखवली. काका छडी द्यायला तयार होते. मी सगळ्यांना नको म्हणून सांगितलं.

हे पत्र या बोटीने पाठवते, आणि मी एकटी येते आहे, पुढच्या बाजाराच्या बोटीने. मामा, हा कॉयर मी काढला, पण त्यात मी कधीच बसलेले नाही. माझं काम बोलायचं, ते ऐकतात. तुमची पत्रंसुद्धा मी हसून वाचली आणि बाजूला ठेवली. कुत्र्याचं वाचलं, रेडिओचं वाचलं, आणि माझ्या चर्चचं पुढे काय लिहिलंय ते शोधत राहिले.

दोन दिवस राहीन, मग रविवारच्या उपासनेसाठी भाड्याच्या बोटीने परत येईन. त्या दोन दिवसांत मी एक अक्षर बोलणार नाही. कॉफी करून ठेवा, भाजी मी निवडीन. तुम्ही मामीपासून सुरुवात करा.

तुमचीच,
तिओमिनार